मधला तुकडा

आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस म्हटलं की मला आई स्टुलावर उभी दिसते, आणि बाबा पंख्याच्या रेग्युलेटरवर हात ठेवून, इंजिन ड्रायव्हरच्या थाटात, भिंतीपाशी.

"सुती का सॅटिन?" बाबांनी विचारलं.

"सगळी सरमिसळ."

"सरमिसळीला तीन नंबर."

"तीनवर चिंध्या नुसत्या जांभया देतात. चार करा."

"चारला सॅटिन उधळतं. मागच्या खेपेला कपाटामागे गेलेलं अजून तिथेच आहे."

"अहो, चार."

"बघ हं. मग माझ्या नावाने ओरडायचं नाही."

आईने पोटाशी एक जुना पडदा झोळीसारखा बांधला होता आणि त्यात चिंध्या गच्च भरल्या होत्या. मावशी खाली बसून जमिनीवर अंथरलेल्या अस्तराचे कोपरे ताणत होती. मी दाराशी खुर्ची टाकून पुस्तक वाचत होते, निदान तसं दाखवत होते.

मावशीची उभी हयात बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. तिथे ती माइकवरून गाड्या पुकारायची. घरात माइक नाही, पण तिला तो लागतही नाही. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," ती म्हणाली, "स्टुलावरून सुटणारी गोधडी आज वेळेवर सुटत आहे. प्रवाशांनी आपापली डोकी सांभाळावीत."

"हसवू नकोस गं, पडेन मी," आई म्हणाली, आणि हसत हसतच तिने झोळी पालथी केली.

चिंध्या आधी शहाण्यासारख्या सरळ खाली येऊ लागल्या. मग त्यांना पंख्याचा वारा लागला आणि त्यांचं भान सुटलं. लाल तुकडे गिरक्या घेत निघाले, पिवळे त्यांच्या मागे लागले, कुठलासा निळा रेशमी तुकडा वरच्या वर घिरट्या घालत बसला, त्याला खाली यायचंच नव्हतं. मावशी दोन्ही हात पसरून मधोमध गोल फिरत होती. एक फुलाफुलांचा तुकडा बाबांच्या चष्म्यावर जाऊन बसला, तो त्यांनी काढलाही नाही. एका हाताने रेग्युलेटर धरून ते तसेच आंधळे उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करू?"

आईची गोधडी अशी सुरू व्हायची.

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. हंगाम संपला की कापडाच्या नमुन्यांचे जुने अल्बम दुकानातून बाद होत आणि आमच्या घरी येत. त्यातले तुकडे, जोडीला जुने शर्ट, टेबलक्लॉथ, कुणाचा फाटका फ्रॉक, मोडक्या छत्रीचं कापड. लोक रंग ठरवून लावतात, एकाशेजारी एक ठेवून बघतात, मान वाकडी करून विचार करतात. आईला ते पटत नसे. "ठरवून लावलेले रंग प्रार्थनेला उभे केल्यासारखे दिसतात," ती म्हणायची. "त्यांना जरा पळू द्यावं." म्हणून पंखा. तुकडा जिथे पडेल तिथे त्याची जागा. फार तर वीतभर सरकवायची मुभा, भोक झाकण्यापुरती.

एवढं सगळं वाऱ्यावर सोडलं, तरी एक जागा ती राखून ठेवायची. अगदी मध्ये एक मोठा चौकोन बसायचा आणि त्याचा रंग घरातल्या कुणीतरी तोंडाने सांगावा लागायचा. "एक तरी गोष्ट माणसाने ठरवायला नको?" असा तिचा सवाल असायचा. शिवण सुरू व्हायची ती त्या मधल्या तुकड्यापासूनच. मधून बाहेर धावदोरा घालत गेलं तर गोधडी सपाट बसते, कडेपासून आत आलं तर मध्ये झोळ येतो. त्यामुळे मधला तुकडा ठरेपर्यंत इतर कशालाही सुई लावायची नाही, टाचणीसुद्धा टोचायची नाही, असा तिचा दंडक.

पंखा थांबला. आई स्टुलावरून उतरली, मधला चौकोन मोकळा केला, दोन-चार तुकडे बोटाने जरासे सरकवले आणि उभी राहून बघत राहिली. मीही पुस्तकाच्या वरून बघितलं. जांभळ्याच्या अंगावर पोपटी पडला होता, विटकरीच्या पायाशी गुलाबी. कुणी शहाण्या माणसाने हे केलं नसतं. पण दिसत होतं असं, की खोलीतल्या सगळ्यांना कुणीतरी एकदम गुदगुल्या केल्या आहेत.

"जजसाहेब," आई माझ्याकडे वळली, "निकाल द्या. मधला रंग कुठला?"

मला घरात जजसाहेब म्हणतात, कारण लहानपणापासून मी कडेला बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. नोकरीही मला तशीच मिळाली. वाचनालयात माझ्या टेबलामागे 'शांतता राखा' अशी पाटी आहे.

"कुठलाही चालेल," मी म्हणाले.

हे उत्तर मी जन्मभर देत आले होते. कारण मला आमच्या हिरव्या शर्टाची गोष्ट माहीत होती. लग्नानंतर पहिल्याच गोधडीला आईने बाबांना रंग विचारला आणि बाबा, बिचारे, म्हणाले, "हिरवा." बस. तेव्हापासून बाबांचे सगळे शर्ट हिरवे, टॉवेल हिरवा, डब्याची पिशवी हिरवी, हत्याराच्या पेटीला हिरवं अस्तर. ते वायरमन. कामाच्या जागी त्यांना सगळे पोपटराव म्हणायचे. माणसाने एकदा आवड सांगितली की आई त्याला त्या आवडीत गळ्यापर्यंत बुडवायची. मी ते शाळकरी वयातच ओळखलं आणि तोंड मिटून घेतलं.

उत्तर मात्र माझ्याकडे होतं. शाळेतून मी आईच्या दुकानात जायची आणि तिच्या कापायच्या टेबलाखाली बसून वाचायची. टेबलावरून एक कापड खालपर्यंत लोंबत असे, नारिंगी. बाहेरचा उजेड त्यातून आत येई आणि पुस्तकाची पानं, माझे गुडघे, माझे हात सगळं नारिंगी होऊन जाई. वर आईची कात्री चालल्याचा आवाज. मी पुढे पुष्कळ ठिकाणी बसून पुष्कळ वाचलं, पण वाचायला तशी जागा पुन्हा मिळाली नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी आपादमस्तक नारिंगी झाले असते.

एरवी माझ्या उत्तरावर आई उसासा टाकायची आणि मावशीला विचारायची. त्या दिवशी तिने तसं केलं नाही. ती गोधडीच्या कडेला मांडी घालून बसली.

"हे बघ. ही तुझ्या नव्या घरासाठी आहे."

"माहीत आहे मला."

"ते घर म्हणजे दवाखाना आहे नुसता. भिंती पांढऱ्या, पडदे राखाडी. मी परवा आले तर मला वाटलं, आता कुणीतरी नंबर पुकारणार."

"ताई, पुकारला होता," मावशी म्हणाली. "तू ऐकलं नाहीस."

"तेव्हा आता रंग तूच सांगायचा. 'कुठलाही' नावाचं कापड माझ्याकडे नाही. सगळे अल्बम उलटेपालटे करून बघितले."

"अगं, खरंच मला..."

"आत्ता नको सांगूस. उद्या सांग. तोवर हे इथेच जमिनीवर राहू दे. तू बोलल्याशिवाय मी सुईत दोरा घालणार नाही."

"आणि उद्यापर्यंत पंखा लावायचा नाही की काय?" बाबा म्हणाले. "उकाडा बघितलास का?"

"सहन करा. हिरव्या रंगाने गार वाटतं म्हणतात."

आम्ही चौघं हसलो. त्या रात्री मी तिथेच राहिले. झोपण्याआधी मी ठरवलंही होतं, की सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकायचं. होऊ दे नारिंगी टूथब्रश.

सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांनी आणखीही काही सांगितलं, ते बाबांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

आईला मागच्या दाराने न्यावं लागलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. नेणारे लोक पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले, जमिनीवर बघितलं आणि आपोआप मागे वळले. बाबा एवढंच म्हणाले, "पाय पडलेला तिला चालला नसता."

मग माणसं भेटायला येऊ लागली, आणि आमच्या घरात बसायला जागा ती एकच, पुढची खोली. तिच्या मधोमध, एकही टाका नसलेली, टाचणीने टोचलेलीसुद्धा नसलेली गोधडी पडलेली, मध्ये चौकोनी भोक घेऊन. मी सगळ्यांना सांगून टाकलं, की ती हलणार नाही. कुणी वाद घातला नाही. मी सहसा काही मागत नाही, त्यामुळे मागितलं की लोक घाबरतात.

खुर्च्या भिंतीला लावल्या. भेटायला आलेले भिंतीभोवती रांगेने, पाय खुर्चीखाली आखडून बसायचे. मावशी दाराशी उभी राहून हलक्या आवाजात सूचना द्यायची. तिचा हलका आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो. "चपला बाहेर. डावीकडून भिंतीला धरून पुढे सरकावं. शिंक येणाऱ्यांनी कृपया अंगणात जावं." लोक सांत्वन करायचे ते श्वास जपून. वरच्या मजल्यावरच्या काकू तर इतक्या हुंदके देऊन रडल्या, की त्यांच्या पायाशी असलेला एक जांभळा तुकडा थरथरला आणि बोटभर सरकला. काकूंनी रडणं जागच्या जागी थांबवलं आणि तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी फोनमधला फोटो काढून बघितला. पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून मी पूर्ण मांडणीचा फोटो घेऊन ठेवला होता. मग केसांच्या चिमट्याने तो तुकडा परत जागेवर नेला. हे करताना मला आतून असं काही हसू फुटलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या दारात डोकं घातलं. मागोमाग मावशी आली. तिलाही तेच करायचं होतं. आम्ही दोघी त्या थंड उजेडात खांदे हलवत उभ्या राहिलो. कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

उकाडा मरणाचा होता. येणारा प्रत्येक जण आल्या आल्या वर बघायचा, मग भिंतीवरच्या बटणाकडे. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी सरळ पुढच्या खोलीचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवला. पहिल्या दिवशी ते पांढऱ्या शर्टात होते, शेजाऱ्यांकडून आणलेल्या. दुसऱ्या दिवशी हिरव्या शर्टात बाहेर आले आणि दारातच ओशाळून थांबले.

"माझ्याकडे दुसरा नाहीच," ते म्हणाले.

"छान दिसतोय, भाऊजी," मावशी म्हणाली, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत चहा प्यायले.

मधल्या तुकड्याबद्दल मात्र प्रत्येकाकडे मत होतं. मावशी म्हणाली गुलाबी, गुलाबीवर कुणी कधी रुसलेलं नाही. काकू म्हणाल्या पांढरा, शांत वाटेल. आईच्या दुकानाचे मालक आले. गंभीर गृहस्थ, डोक्यावर एक केस नाही. ते बराच वेळ भोकाकडे बघत बसले आणि म्हणाले, "मरून. मरून कशावरही खपतो."

"बाबा, तुम्ही सांगा," मी एकदा म्हटलं.

"मी?" बाबा दचकले. "नको बाई. मी एकदा सांगितलंय."

आत जाऊन नारिंगी तुकडा आणून ठेवणं मला काही अवघड नव्हतं. एकदा मी त्यासाठी उठलेही. पण आईच्या घरात रंग बोलून दाखवावा लागायचा, आणि तो जिला सांगायचा ती नव्हती. मग मी परत बसले. मांडणी जशी आहे तशी राहिली, तर निकाल अजून द्यायचा आहे, आई वाट बघते आहे, असं काहीसं मला वाटत असावं. अशा गोष्टी पुस्तकात वाचल्या की मी समासात प्रश्नचिन्ह करते.

तिसऱ्या दिवशी खोलीत माणसं बरीच होती. दुकानाचे मालक पुन्हा आले होते, काकू होत्या, दुकानातल्या दोन शिवणाऱ्या बायका होत्या. मावशी चहा करायला आत गेली आणि तिथून ओरडली, "दूध फाटलं! भाऊजी, हा फ्रिज बंद पडलाय!"

आमच्या घरात फ्रिज आणि पुढची खोली एकाच फ्यूजवर आहेत. ही वायरिंग बाबांनी स्वतः केली आहे. त्यावरून आईने त्यांना आयुष्यभर सोडलं नाही. "गावभर उजेड पाडला माणसाने," ती सांगायची, "आणि माझा फ्रिज पंख्याच्या शेपटीला बांधला." एकदा पंखा दुरुस्त करताना लोणी वितळलं होतं, ते लोणी तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत येत राहिलं.

बाबा तेव्हा अंगणात कुणाला तरी निरोप देत होते. खिशातला फ्यूज त्यांनी चहाच्या ट्रेजवळ काढून ठेवला होता. मावशीने तो बघितला. मावशी कर्तबगार बाई आहे. तिने तो उचलला, खुर्चीवर चढली आणि जागेवर बसवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फ्यूज काढलेला असला की बटण दाबून काही होत नाही, आणि काही झालं नाही की माणसाला ते बटण दाबलंय की नाही हेही कळत नाही. एवढ्या उकाड्यात आलेल्या जवळपास प्रत्येक माणसाने, आमची नजर चुकवून, ते हळूच एकदा दाबून बघितलं होतं. नाही लागला म्हटल्यावर कुणीतरी रेग्युलेटरही वाढवून बघितला होता. माणूस वाढवतोच. तो पाचवर होता.

मालक नेमके बोलत होते. "तुमच्या आईंच्या हाताला एक शिस्त होती," असं ते म्हणाले आणि वर घरघर झाली.

मी उठले. उठून काय करणार होते कुणास ठाऊक, गोधडीवर आडवी पडणार होते बहुतेक. तेवढा वेळ मिळाला नाही. कडेचे तुकडे उचलले गेले, मग मधले, मग सगळीच गोधडी जमिनीवरून उठली आणि खोलीत माणसांच्या उंचीवर गोल फिरू लागली. काकू किंचाळल्या आणि त्यांनी खुर्ची धरून ठेवली, जशी काही तीही उडणार होती. पोपटी, विटकरी, चौकडीचे, ठिपक्यांचे. शिवणाऱ्या बायका सवयीने हवेतले तुकडे झेलायला लागल्या. "सॅटिन धर, सॅटिन!" एक दुसरीला म्हणाली. मावशी चहाचं गाळणं हातात घेऊन दारात आली आणि तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा काहीच आवाज निघाला नाही.

मग कपाटाच्या वरून आणखी काहीतरी सुटलं. तिथे, पंख्याच्या अगदी जवळ, तुकड्यांची एक थप्पी ठेवलेली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. हे चौकोन मोठे होते, सगळे एका मापाचे, चारी बाजू नीट दुमडून इस्त्री केलेले. जड असल्यामुळे ते फिरले नाहीत, एकेक करून सावकाश खाली येत राहिले. लाल. मोरपंखी. तपकिरी. लिंबासारखा पिवळा. राखाडी होता, राखाडीच्याही दोन छटा होत्या. गुलाबी आला, मरून आला, पांढरा आला. नारिंगी माझ्या पायाशी पडला.

आईने मधला तुकडा कापून ठेवला होता. तिच्याकडे होते तेवढ्या सगळ्या रंगांत. मी उद्या काहीही बोलले असते तरी चाललं असतं.

बाबा धावत आत आले आणि बटण बंद केलं. पंखा थांबायला नेहमीसारखाच बराच वेळ लागला. शेवटी खोली शांत झाली. मालकांच्या टकलावर एक सॅटिनचा गुलाबी तुकडा अलगद बसला होता. ते इतके गंभीर होते, की त्यांना तुकड्याला हात लावायचं सुचत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हा पाचवर कुणी नेला?" बाबांनी विचारलं.

काकूंनी मालकांकडे बघितलं. मग मालक म्हणाले, "मी फक्त बटण दाबलं होतं. एकदाच."

"मीही दाबलं होतं," काकू पुटपुटल्या. "पण मी बंद केलं होतं. म्हणजे, बंद होतं म्हणून..."

"आम्ही पण," शिवणाऱ्या बायका म्हणाल्या.

बाबा छताकडे बघत मनातल्या मनात जुळवत राहिले: चालू, बंद, चालू, बंद. "म्हणजे तुमच्यातल्या एकाने जरी बटणावर दया दाखवली असती," ते म्हणाले, "तर हे झालं नसतं." आणि मालकांच्या डोक्यावरच्या गुलाबी तुकड्याकडे बघून त्यांचा धीर सुटला. बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि हिरव्या बाहीने डोळे पुसले. मग काकू, मग मावशी. मावशीच्या हसण्याने कपबशा वाजतात. मालकांनी डोक्यावर हात नेऊन तुकडा काढला, बोटांत चोळून बघितला आणि म्हणाले, "अरे! हा तर आमचाच माल." त्यावर एक शिवणारी बाई जमिनीवरच बसली, तिला उभं राहवेना.

मी हसत नव्हते. मी नारिंगी चौकोन हातात घेऊन उभी होते.

मावशीच्या ते लक्षात आलं. तिने डोळे पुसले, माझा फोन घेतला. "फोटो आहे ना? मग झालं तर. जशीच्या तशी लावू आपण. सगळ्यांनी खाली बसा. जांभळा कुणाकडे आहे? जांभळा खिडकीच्या बाजूला." सगळे गुडघ्यांवर बसले. मालकसुद्धा, पँट वर ओढून. तुकडे जागेवर जाऊ लागले. विटकरीच्या पायाशी गुलाबी. जांभळ्यावर पोपटी.

मी बघत होते. सगळं बरोबर होतं, आणि रंग प्रार्थनेला उभे होते.

"मावशी, थांब," मी म्हणाले.

"काय गं? पोपटी चुकला?"

"उचल सगळं."

"अगं, अर्धी झाली!"

"उचल. ती झोळी कुठे आहे?"

कुणाला काही कळलं नाही, बाबांना मात्र कळलं. ते आत गेले आणि तो जुना पडदा घेऊन आले. माझ्या पोटाशी त्याची गाठ त्यांनी स्वतः बांधली, वायरमनची गाठ, सहजासहजी सुटत नाही. सगळ्यांनी ओंजळी भरभरून त्यात तुकडे टाकले. मोठे चौकोन मी वेगळे काढून मावशीच्या हातात दिले. मग मी स्टुलावर चढले. तिथून खोली निराळी दिसते. सगळ्यांचे चेहरे वर, तुमच्याकडे, आणि डोक्याजवळ पंखा. एवढ्या वर्षांत मी तिथे उभी राहिले होते ती फक्त फोटो काढायला.

बाबा रेग्युलेटरपाशी गेले.

"सुती का सॅटिन?"

"सरमिसळ," मी म्हणाले. आवाज जरा बारीक आला.

"सरमिसळीला तीन नंबर."

"चार करा."

"चारला सॅटिन उधळतं बघ."

"बाबा, चार."

"माझ्या नावाने ओरडायचं नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी पंखा लावला.

मावशीने घसा साफ केला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. स्टुलावरून सुटणारी गोधडी काही अपरिहार्य कारणामुळे उशिरा सुटत आहे. प्रवाशांची झालेली गैरसोय..."

"हसवू नकोस गं," मी म्हणाले, आणि झोळी पालथी केली.

मला वाटलं होतं मी वरून नीट बघेन, कुठला तुकडा कुठे जातो ते. काही दिसलं नाही. सगळीकडे रंगच होते, तोंडावर, केसांत, बाह्यांत. एक लोकरीचा तुकडा माझ्या कानाला लागून गेला, आणि मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. वाचनालयातल्या कुणी ऐकलं असतं तर पाटीकडे बोट दाखवलं असतं. खाली काकू दोन्ही हात पसरून गोल फिरत होत्या. मालक नाकावर आलेलं सॅटिन फुंकून परत हवेत पाठवत होते. मला हसू आवरेना, स्टूल डगमगायला लागलं आणि बाबांनी पुढे होऊन माझे पाय धरले.

"बंद करू?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चष्म्यावर या वेळी चौकडी होती.

पंखा हळूहळू थांबला. शेवटी हवेत उरला तो निळा रेशमी तुकडा, तोच, घिरट्या घालणारा. तोही खाली आला. जमिनीवर जे पडलं होतं ते आईच्या मांडणीसारखं मुळीच नव्हतं. जांभळा पार दारापाशी गेला होता, पोपटी मोकाट सुटला होता, दोन चट्टेरीपट्टेरी एकमेकांच्या अंगावर पडून भांडत होते. मध्ये थोडी जागा उघडी राहिली होती. बाकीची मावशीने हाताने मोकळी केली.

मग ती मोठ्या चौकोनांची थप्पी छातीशी धरून उभी राहिली आणि वर माझ्याकडे बघितलं. या वेळी तिचा आवाज खरंच हलका होता.

"जजसाहेब, निकाल द्या. मधला रंग कुठला?"

बाबांनी माझे पाय अजून धरलेले होते.

"नारिंगी," मी म्हणाले. मग ते फार हळू झालं असं वाटून, पंख्याकडे तोंड करून, पुन्हा मोठ्याने म्हणाले, "आई, नारिंगी! पहिल्यापासून नारिंगीच होता. आणि थोडा नको, मला भरपूर पाहिजे."